मुंबईतले ताडगोळे: गाडीवरचे, हायवेवरचे, डब्यातले आणि त्यापलीकडचा ताड

निकाल आधीच सांगून टाकतो. मुंबईत ताडगोळा घ्यायचा तर अख्ख्या फळातून, आपल्यासमोर कोयत्याने कापून घ्यावा. सोलून पाण्यात टाकलेला, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेला किंवा पाकात घालून टिनमध्ये भरलेला गोळा दिसतो तसाच, पण खाताना फरक पहिल्या घासातच कळतो. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत शहरात हे सगळे प्रकार विकायला असतात, आणि सगळ्यात महाग तो सगळ्यात वाईट निघतो असा हा विचित्र बाजार आहे.

फरक का पडतो ते कळायला फळ आतून कसं असतं ते माहीत हवं. ताडाचं कोवळं फळ मुठीहून बरंच मोठं, काळपट जांभळं, देठाकडे पाकळ्यांची घट्ट टोपी. आत बहुतेक वेळा तीन कप्पे असतात, कधी दोन, क्वचित एकच. प्रत्येक कप्प्यात एक बी, आणि त्या बीमधला अजून घट्ट न झालेला गर म्हणजे आपला ताडगोळा. सुरुवातीला तिथे नुसतं गोडसर पाणी असतं. मग कडेने पातळ, अर्धपारदर्शक गर धरू लागतो आणि मध्ये पाण्याची पोकळी राहते. पुढे गर जाड, दुधाळ, चिवट होतो, पाणी आटतं. शेवटी तो इतका टणक होतो की दात लागत नाही. पूर्वी अशा सुक्या गराची बटणंसुद्धा करत. खाण्याजोगा काळ म्हणजे यातले मधले थोडे आठवडे. आंबा किंवा चिकू घरी आणून पिकवता येतो, तशी सोय इथे नाही. झाडावरून घड ज्या दिवशी उतरवला त्या दिवशीचा कोवळेपणा हाच शेवटचा. त्यानंतर गोळा फक्त शिळा होत जातो.

म्हणूनच फळाचा तो जाड, चोथट कवच महत्त्वाचा. न कापलेलं फळ सावलीत दोन-तीन दिवस आरामात राहतं, कारण आतल्या बीला हवा लागत नाही. कवचातून बाहेर काढलेला गोळा सालीसकट असला तर बाहेरच्या उकाड्यात काही तासांचा धनी. साल काढलेला गोळा त्याहूनही कमी. बाकी सगळं परीक्षण या एका गोष्टीभोवती फिरतं.

गाडीवरचं अख्खं फळ

चांगला विक्रेता फळ आडवं धरून टोपीच्या बाजूची चकती कोयत्याच्या एका-दोन घावांत उडवतो. पांढऱ्या चोथ्यात तीन ओलसर, काचेसारखे डोळे उघडे पडतात. घाव नेमका हवा. उथळ गेला तर डोळे उघडत नाहीत आणि पुन्हा तासावं लागतं. खोल गेला तर गोळ्याचं डोकंच कापलं जातं आणि आतलं पाणी हातावर सांडतं. त्या सांडलेल्या गोळ्याचे पैसे देऊ नका, बदलून मागा. चकती उडाल्यावर अंगठा डोळ्याच्या कडेने आत घालून गोळा सालीसकट उचलतात, किंवा फळ तीन भागांत फोडून एकेक काढतात.

कोवळेपणा ओळखायची पहिली खूण कानाला कळते. कोवळ्या फळात कोयता आवाज न करता जातो, कारण बीभोवतीचं कवच अजून लाकडासारखं झालेलं नसतं. पातं करकरलं, अडकलं, दुसरा जोर लावावा लागला तर फळ निबर आहे. दुसरी खूण बोटाला: उघड्या डोळ्यावर अंगठा हलकेच दाबला की तो आत जाऊन परत वर यायला हवा. दाबलाच जात नसेल तर गर जून झालाय. तिसरी खूण डोळ्याला: गोळ्यातून उजेड आरपार दिसतो तोवर ठीक, दुधाळ पांढरा पडला की चघळत बसावं लागतं आणि पोटाला जड जातो. बाहेरच्या सालीच्या रंगावर जाऊ नका. फळ काळं, जांभळं की हिरवट, यावरून आतलं काही कळत नाही. वाजवून पाहणारे असतात, त्यांनाही काही कळत नाही.

एका घडातली फळं साधारण एकाच वयाची असतात. त्यामुळे घडातलं पहिलं फळ कापून पाहावं आणि ते बरं निघालं तर त्याच घडातली पुढची घ्यावीत. विक्रेता मध्येच दुसऱ्या ढिगाकडे हात नेऊ लागला तर तिथल्या तिथे सांगा, "मावशी, याच घडातले द्या, कोवळे बघून." कुणी रागावत नाही, रोजच्या गिऱ्हाइकांची हीच भाषा असते.

भाव डझनावर असतो, आणि डझन म्हणजे बारा गोळे, बारा फळं नव्हेत. म्हणजे तीन कप्प्यांची चार फळं. हा खुलासा आधीच करून घ्यावा. जागा, मोसम आणि दिवसाची वेळ यावर भाव शंभरापासून दोनशेच्या पुढेही जातो. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये मागणी इतकी असते की घासाघीस करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा निबर निघालेला गोळा बदलून देण्याचं कबूल करून घ्या, त्यात पैसे जास्त वाचतात. आणि महाग म्हणून कुरकुरण्याआधी झाडाकडे एकदा वर पाहा. ताड वीस-तीस मीटर उंच जातो, पहिलं फळ धरायला बारा-पंधरा वर्षं घेतो, फळ फक्त मादी झाडाला लागतं, आणि घड वरून टाकून चालत नाही. दोरीने हळूहळू खाली सोडावा लागतो. टाकला तर फळं तडकतात, आतले गोळे दबतात आणि दबलेल्या जागी तपकिरी डाग धरतो. गोळ्यात असा एका बाजूचा डाग दिसला तर झाडावरून उतरवताना हयगय झालीय असं समजा. खायला हरकत नाही, त्या दिवशीच संपवावा एवढंच.

गोराई, मनोरी, उत्तन, वसई-विरारपासून पालघर-डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीत ताड जुना आहे आणि मुंबईच्या पश्चिम उपनगरांत येणारा पुष्कळ माल तिकडचाच. म्हणून बोरिवली, भाईंदर, विरारकडच्या स्टेशनांबाहेर सकाळी मिळणारा गोळा दक्षिण मुंबईतल्या दुपारच्या गोळ्यापेक्षा सरस असतो. यात ठिकाणाचा मोठेपणा नाही, फक्त तासांचा हिशेब आहे.

टोपलीतला काढलेला गोळा आणि हायवेवरची पिशवी

स्टेशनबाहेर टोपलीत सालीसकट काढून ठेवलेले गोळे घ्यायला हरकत नाही, पण सकाळी. अकरानंतर नको. साल थोडी तपकिरी पडलेली दिसते म्हणून लगेच नाकं मुरडू नका. सालीतला तुरट अंश हवेत काळवंडतोच, कापलेल्या सफरचंदासारखा. पाहायचं ते आत: एक गोळा मागून सोला, गर गुलाबी किंवा पिवळट पडला असेल, बोटाला तार सुटत असेल किंवा हलका आंबूस वास येत असेल तर टोपलीच सोडा.

अहमदाबाद हायवेवर मनोर-चारोटीच्या बाजूला पिशव्या भरून गोळे टांगलेले असतात. माल ताजा, कारण झाडं जवळ. पण पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकची, तोंड बांधलेलं, वरून मे महिन्याचं ऊन. आत वाफ धरते, गोळे स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि तासा-दोन तासांत आंबायला लागतात. टांगलेली पिशवी घेऊच नये. मागे सावलीत पोत्याखाली ठेवलेले मागावेत, किंवा अख्खी फळं घेऊन गाडीच्या डिकीत टाकावीत. कोयता नसेल तर तिथूनच चकती उडवून घ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळा. गोळे कप्प्यातच राहू द्या, घरी जाऊन काढा. मुंबईपर्यंतच्या प्रवासात इतका चांगला माल राहण्याचा दुसरा उपाय नाही.

सोललेले गोळे बर्फाच्या पाण्यात ठेवून विकतात, त्याबद्दल मात्र मत स्पष्ट आहे: नको. ताडगोळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, गोडी मुळातच बेताची. ती बेताची गोडी बाहेरच्या पाण्यात उतरते आणि हाती राहतो तो बेचव, फुगीर गर. शिवाय ते पाणी आणि तो बर्फ कुठला, हा प्रश्न उन्हाळ्याच्या मुंबईत कुणीही स्वतःला विचारावा.

घरपोच येणारा डबा

दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपवर हल्ली सोललेले किंवा अर्धवट सोललेले ताडगोळे डब्यात मिळतात. सहा किंवा आठ नग, वर पातळ फिल्म, फोटोत पुदिन्याचं पान. किंमत रस्त्यावरच्या डझनाच्या तुलनेत नगामागे बरीच चढी पडते. कुणाचं नाव घेण्याचं कारण नाही, कारण दोष कुणा एका दुकानाचा नसून या पद्धतीतच आहे. गोळा काढल्यापासून सोलणं, धुणं, भरणं, गोदामात थांबणं आणि मग तुमच्या दारात येणं यात त्याचे सगळे चांगले तास संपलेले असतात. फ्रिजमुळे तो आंबत नाही, पण गर आवळतो आणि आतलं पाणी झिरपून डब्याच्या तळाशी येतं. गोळ्याचं खरं सुख म्हणजे चावल्याबरोबर फुटणारं ते पाणी. तेच तळाशी गेलं तर पैसे कशाचे दिले?

तरीही मागवायचाच असेल तर सालीसकट असलेला प्रकार निवडा, डब्यावर भरल्याची तारीख पाहा (वापरण्याच्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका) आणि उघडल्यावर तळाशी दोन चमच्यांहून जास्त पाणी असेल, ते गढूळ असेल किंवा त्यात बुडबुडे दिसत असतील तर परत करा. बुडबुडे म्हणजे आंबणं सुरू झालंय.

टिनमधला पाकातला प्रकार बड्या सुपरमार्केटात मिळतो, बहुधा थायलंडचा. तो साखरेच्या पाकाच्या चवीचा असतो आणि निबर गराचा. फालुद्यात टाकायला ठीक. घेताना लेबल वाचा, कारण शेजारीच तसाच दिसणारा ‘अत्तप’ नावाचा टिन असतो. तो निपा या वेगळ्याच, खाडीच्या दलदलीत वाढणाऱ्या पामचा गर आहे. आइस्क्रीमबद्दल थोडक्यात: गोळ्याचा वास इतका हलका की मलईखाली दबतो, आणि गोठलेले तुकडे दाताला कचकन लागतात.

सोलणं, ठेवणं, वाढणं

साल सोलताना लोक वैतागतात ते चुकीच्या जागेवरून सुरुवात केल्यामुळे. गोळ्याला एका बाजूला लहानसा खळगा असतो. तिथून नखाने साल उचला आणि उभ्या पट्ट्या ओढा. गोल गोल फिरवत सोललं तर गर फाटतो. साल वाळून चिकटली असेल तर गोळे दहा मिनिटं पिण्याच्या थंड पाण्यात बुडवा, मग सुटते. सालीचा पातळ पापुद्रा कुठे राहिला तर तुरट लागतो एवढंच, अपाय नाही. कोवळ्या गोळ्याची साल काही घरांत मुद्दाम खातातही. कपडे मात्र सांभाळा: सालीचं आणि चोथ्याचं पाणी कापडावर वाळलं की तपकिरी डाग पडतो, आणि तो साबणाला दाद देत नाही.

घामोळ्यांवर साल आणि आतलं पाणी चोळायची रीत घरोघरी आहे. थंडावा मिळतो हे खरं, पण ते औषध समजू नये आणि खरचटलेल्या त्वचेवर लावू नये. लहान मुलांना अख्खा गोळा हातात देऊ नका. तो गुळगुळीत असतो, घशात सरकतो. चार तुकडे करून द्या.

ठेवायचे असतील तर सालीसकट, झाकणाच्या डब्यात, खाली ओलं फडकं घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. एक दिवस उत्तम, दुसऱ्या दिवशी चालतील, तिसऱ्या दिवशी टाकावे लागतील. फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठताना बर्फाचे कण गराची वीण मोडतात. बाहेर काढल्यावर पाणी वेगळं आणि रबरी चोथा वेगळा.

गोळा नुसता, गार करून खाणं हाच त्याचा सर्वोत्तम उपयोग. चार जणांना डझन पुरतो. पाहुण्यांसाठी काही करायचं असेल तर दोन शहाळ्यांच्या पाण्यात सहा गोळे सुरीने बारीक चिरून, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि आठ-दहा पुदिन्याची पानं. मिक्सर लावलात तर दोन झटके पुरे. जास्त फिरवलं की बुळबुळीत फेस होतो आणि तो खाली बसत नाही. दुधातला प्रकार करताना चार वाट्या दूध आटवून तीन करा, तीन चमचे साखर घाला, पूर्ण गार होऊ द्या, आणि आठ गोळ्यांचे तुकडे अगदी वाढताना टाका. गरम दुधात टाकले तर गोळे पाणी सोडतात आणि आटवण्याची मेहनत वाया जाते. वेलची नको. ज्याची चव इतकी नाजूक आहे त्यावर वेलची, केशर, रोझ सिरप ओतणं म्हणजे गोळा नुसता नावाला.

मुंबई ज्याला हातच लावत नाही तो ताड

शहराच्या दृष्टीने ताडफळ पावसाळ्यात संपतं. कोरडवाहू मुलखांत ते तिथून सुरू होतं. तमिळनाडूच्या रामनाथपुरम-तुत्तुकुडीची रेताड जमीन किंवा श्रीलंकेचा जाफना घ्या: पाऊस बेभरवशाचा, माती हलकी, आणि तिथे ताड उभा आहे, कारण त्याची मुळं खोल जातात आणि जाड, मेणचट पानं पाणी सहज सोडत नाहीत. तमिळनाडूने त्याला राज्यवृक्ष केलं ते उगाच नाही. तिथे एकाच बीची चार वेगवेगळी अन्नं होतात: कोवळा गर, पिकलेल्या फळाचा केशरी गर, रुजलेल्या बीतला स्पंज आणि जमिनीखालचा कोंब.

यातला कोंब मुंबईकरांनी जरूर चाखावा. पावसाळ्याच्या शेवटी गळालेली पिकली फळं गोळा करतात, गर काढून किंवा तशाच बिया भुसभुशीत वाळूत एकमेकींना लागून रचतात आणि वर मातीचा थर देतात. ताडाची बी वर न उगवता आधी खाली जाते: जाड, पांढरा, पिठूळ कोंब जमिनीत हातभर खोल उतरतो आणि त्यात बीमधला सगळा साठा भरला जातो. तीन-चार महिन्यांनी, पहिलं पान वर येऊन फुटण्याआधी, तो उपटतात. उशीर झाला तर साठा पानात जातो आणि कोंबाचा नुसता दोरखंड उरतो. माती घट्ट असेल तर कोंब वाकडा, आखूड आणि रेषाळ होतो, म्हणून वाळूच लागते. तमिळमध्ये याला पनंकिळंगू म्हणतात आणि पोंगलच्या पूजेत तो उसाशेजारी असतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माटुंगा आणि धारावीतल्या तमिळ बाजारात नजर ठेवा. जुड्या दिसल्या तर सरळ, जाड, डाग नसलेले कोंब निवडा.

शिजवायचं असं: बाहेरचं तपकिरी आवरण ओढून काढा, दोन्ही टोकं उडवा, मधोमध मोडून कुकरमध्ये बुडेल इतकं पाणी, डझनाला एक चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद. चार-पाच शिट्ट्या. गार झाल्यावर उभे चिरून मधली कडक दोरी, म्हणजे होऊ घातलेलं पान, काढून टाका आणि बाजूचे धागे सोला. चव उकडलेल्या करांद्याच्या जवळची, थोडी कडवट. ओलं खोबरं, मिरची, मीठ घालून कुटलं तर झकास लागतं. पहिल्यांदा खाणाऱ्यांना धाग्यांचा कंटाळा येतो; उपाय म्हणजे आडवे पातळ काप करणं, म्हणजे धागे आखूड होतात.

जाफन्यात हाच कोंब कच्चा वाळवून त्याचं ‘ओडियल’ पीठ करतात आणि त्यात मासे, कोलंबी, खेकडे घालून दाट कालवण शिजवतात. तयार पीठ कुठे मिळालं तर एक नियम पाळाच: कच्च्या कोंबाचं पीठ आधी भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकायचं. त्यातल्या कडवट, पाण्यात विरघळणाऱ्या घटकाचा अपाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे. उकडून वाळवलेल्या कोंबाचं पीठ वेगळं, त्याला ‘पुळुक्कोडियल’ म्हणतात. पिशवीवर कुठलं ते वाचून घ्या.

कोंब उपटल्यावर उरलेली बी फोडली की आत पांढरा, कुरकुरीत, गोड स्पंज असतो. बंगालात कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला तो ठेवतात. तिथेच भाद्रपदात पिकलेल्या फळाचा गर किसणीवर घासून काढतात, रात्रभर कापडात टांगून कडवट पाणी निथळू देतात आणि खोबरं, गूळ, तांदळाचं पीठ घालून वडे तळतात. निथळायचा कंटाळा केला की वडे कडू होतात, मग गूळ कितीही वाढवा. मुंबईत पिकलं ताडफळ बाजारात जवळपास येतच नाही, वसईकडच्या झाडांखाली सडून जातं. हे वाईट आहे.

जाता जाता रावणताडाबद्दल. फांद्या फुटणारा हा ताड पश्चिम किनाऱ्यावरचा, दीवमध्ये ‘होका’ नावाने प्रसिद्ध. त्याच्या तपकिरी फळाची वरची साल कुरतडून खातात. इजिप्त-सुदानच्या कोरड्या मुलखात त्याचाच भाऊबंद दूम, ज्याची फळं तुतनखामेनच्या थडग्यातही सापडली. ताडगोळ्याच्या अपेक्षेने होका फोडायला जाऊ नका, आत टणक बी आहे.

नीरा आणि ताडगूळ

मादी ताडाच्या फुलोऱ्यातून नीरा काढली तर त्या फुलोऱ्याला फळ धरत नाही. म्हणजे झाडमालकाला ठरवावं लागतं, गोळे की रस. नर झाडाला हा प्रश्न नाही. संध्याकाळी आतून चुना लावलेलं मडकं फुलोऱ्याला बांधतात आणि सूर्य वर यायच्या आत उतरवतात. चुन्यामुळे रसातली आंबण्याची क्रिया रोखली जाते. चुना कमी पडला तर नीरेची ताडी होते, जास्त झाला तर तोंडात खडूसारखी चव राहते. केंद्रावर ग्लास घेताना वर फेस नाही ना, वास आंबूस नाही ना, ते पाहा आणि भांडं बर्फावर किंवा कूलरमध्ये आहे याची खात्री करा. आरोग्यदायी म्हणून दोन-तीन ग्लास पिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की नीरेत दहा-बारा टक्के साखर असते. २०० मिलीच्या ग्लासात चार-पाच चमचे. मधुमेह असलेल्यांनी ‘नैसर्गिक आहे’ या शब्दांना भुलू नये.

साधारण आठ लिटर नीरा आटवली की एक किलो ताडगूळ होतो. खादी ग्रामोद्योगाच्या दुकानांत तो ढेपेच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळतो. माटुंग्याच्या तमिळ दुकानांत करुपट्टी म्हणून, करवंटीत ओतल्यामुळे अर्धगोल आकाराचा. तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या उडनगुडीच्या करुपट्टीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ते नाव आता कुठल्याही ढेपेवर छापलं जातं. नावापेक्षा ढेप पाहा. खरा ताडगूळ गडद, निस्तेज. मोडल्यावर आतून बारीक, मातकट, आणि चवीला गोडीमागे किंचित खारट. साखर मिसळलेला असेल तर मोडल्यावर कण चमकतात, ढेप दगडासारखी कडक असते, रंग फिका आणि चव सपाट. फार स्वस्त असेल तर तो ताडगूळ नाही, एवढा हिशेब आठ लिटरच्या आकड्यावरूनच कळावा.

वापरताना थेट पदार्थात टाकू नका, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या. तळाशी वाळू आणि चुन्याचा गाळ बसतोच. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं, गॅस बंद करून पाच मिनिटांनी घाला. आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो हवेतली ओल ओढून पाझरू लागतो. हे शुद्धतेचं लक्षण असलं तरी पाझरलेल्या ढेपेला आठवड्यात बुरशी धरते. मे संपण्याआधी फोडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा. जूननंतर दुकानातून घ्यायचा झाला तर पाव किलोच्या वर घेऊ नका.